माळ्यावरचा डोळा

आमच्या घरी सण नाताळचा. पण घराची झाडलोट होते ती दिवाळीत. आळीतली चारी घरे झटकली जात असताना आपण एकट्यांनीच जळमटे सांभाळीत बसावे, हे माझ्या आजीला कधी पटले नाही आणि तिच्यामागे आम्हांलाही पटलेले नाही. शेजाऱ्यांच्या फराळाची ताटे दिवाळीत आमच्याकडे यावीत, आमची नाताळात त्यांच्याकडे जावीत, आणि मधल्या दोन महिन्यांत कोणाची ताटली कोणाकडे राहिली यावर गोड कुरबुरी व्हाव्यात, असा आमच्या नगरच्या आळीचा (गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी माझ्या तोंडी नगरच बसले आहे) जुना रिवाज आहे.

गेल्या दिवाळीत माळा झाडायचे काम माझ्याकडे आणि माझ्या आठ वर्षांच्या नातीकडे आले. मोडका पाळणा, पितळी समई, माझ्या शाळेतल्या नोकरीची चाळीस वर्षांची टाचणवह्यांची बाडे असे एकेक खाली उतरत असता तिने कापडात गुंडाळलेली एक चौकट ओढून काढली. धूळ पुसली आणि म्हणाली, "आजोबा, हा डोळा कुणाचा?"

मी चमकलो. साठ-पासष्ट वर्षांनी तो डोळा पुन्हा माझ्याकडे पाहत होता.

चित्र पुष्कळ ख्रिस्ती घरांतून एके काळी असे. डावीकडे रुंद वेस आणि रुंद रस्ता; त्यावर नाटकगृह, जुगाराचा अड्डा, मद्यपी, नटलेली माणसे. उजवीकडे अरुंद दार, क्रूस, देऊळ, रविवारची शाळा आणि डोंगरावर चढत जाणारी पायवाट. रुंद रस्त्याच्या शेवटी आगीत जळणारे नगर. पायवाटेच्या शेवटी प्रकाशाने न्हालेले. आणि सगळ्यांच्या वर, त्रिकोणात बसवलेला एक उघडा डोळा. हे चित्र मूळ जर्मनीतले. श्टुटगार्ट शहरातल्या शार्लोट राइलेन या बाईंच्या कल्पनेतून ते १८६६ साली साकार झाले आणि पुढे देशोदेशी गेले. त्यात जळत्या नगराकडच्या बाजूला एक आगगाडीही आहे. ती रविवारी धावणारी, म्हणजे प्रभूचा दिवस न पाळणारी गाडी! लहानपणी एकदा रविवारी दौंडला जाणाऱ्या गाडीत बसताना माझे पाय लटपटले होते ते त्या गाडीमुळे.

"देवाचा डोळा आहे," मी नातीला म्हटले.

"तो रागावलाय का?"

चाळीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाला या तीन शब्दांचे उत्तर पटकन देता आले नाही. म्हणून हा लेख.

त्या चित्राखाली माझे अंथरूण असे. मी नऊ वर्षांचा असेन. उपासनेतल्या दानासाठी आजोबांनी दिलेल्या दोन आण्यांची मी गुडदाणी खाल्ली, आणि थैली पुढे आली तेव्हा रिकामी मूठ आत घालून बाहेर काढली. त्याच रात्री मला ताप भरला. ताप साधा, पावसात भिजल्याचा. पण मला कारण ठाऊक होते! वरचा डोळा सारे पाहत होता, आणि आता तो हिशेब चुकता करीत होता. त्या रात्री काय झाले ते शेवटी सांगेन. आधी तो डोळा आमच्या भिंतीवर कुठून आला, ते पाहू.

येशूने देवाला हाक मारली ती 'बाप' म्हणून. उधळ्या मुलाला लांबून पाहताच धावत सुटणाऱ्या म्हाताऱ्या बापाची गोष्ट त्यानेच सांगितली. मग या बापाचा फौजदार कसा झाला? एका दिवसात झाला नाही. अंतिम न्यायाची कल्पना तर पहिल्यापासून होतीच. पण मध्ययुगाच्या उत्तरार्धात तिने युरोपच्या मनाचा पुरा कबजा घेतला. १२१५ सालच्या धर्मपरिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापांची कबुली देणे सक्तीचे केले. १३४७ नंतरच्या चार-पाच वर्षांत काळ्या मृत्यूच्या साथीने घरेच्या घरे ओस पाडली, आणि हा देवाचाच कोप असे असंख्यांना वाटले. देवळांच्या भिंतींवर न्यायाचे चित्र आले: ख्रिस्त इंद्रधनुष्यावर बसला आहे, मुखाच्या एका बाजूला कमळासारखे शुभ्र फूल, दुसऱ्या बाजूला तलवार. पाहणाऱ्याची नजर फुलाकडे कशाला जाते? ती तलवारीकडेच जाते.

असल्याच एका चित्राकडे पाहून अंगावर काटा येणारा एक मुलगा जर्मनीत १० नोव्हेंबर १४८३ रोजी जन्मला. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर. बाप तांब्याच्या खाणधंद्यातला, कष्टाळू आणि कडक. एका क्षुल्लक फळासाठी आईने रक्त निघेपर्यंत मारल्याची आठवण ल्यूथरने म्हातारपणी सांगितली आहे. मुलाने वकील व्हावे ही बापाची इच्छा. मुलगा एरफुर्टच्या विद्यापीठात शिकून एम. ए. झाला, कायद्याची पुस्तके घेऊन बसला. आणि २ जुलै १५०५ रोजी श्टोटरनहाइम गावाजवळ वादळात सापडला. वीज जवळच पडली. भयाने त्याने खाणकामगारांची कैवारी संत ॲना हिला हाक मारली आणि वाचलो तर संन्यासी होईन असा नवस बोलला. पंधरा दिवसांत तो मठात दाखल झाला. ज्याच्या नावाने पुढे अर्धे युरोप हलले त्याची धर्मजीवनाची सुरुवात ही अशी, निव्वळ घाबरून केलेल्या नवसाने झाली.

मठात भय शमेल ही त्याची अपेक्षा. झाले उलटे. उपास, जागरणे, थंडीत विनापांघरूण पडणे, सारे केले. पापांची कबुली द्यायला बसला की तास तास उठेना. आणि उठला की विसरलेले एखादे पाप आठवून पुन्हा परत येई. १५०७ साली पहिला मिस्सा अर्पण करताना आपण कोणापुढे उभे आहोत या विचाराने तो वेदीवरून पळून जाण्याच्या बेताला आला होता. त्या दिवशी बाप वीस घोडेस्वारांनिशी समारंभाला आला. जेवताना मुलाने विजेचा आणि नवसाचा विषय काढला. तेव्हा बाप म्हणाला की, ते सैतानाचे सोंग नसले म्हणजे मिळवली! दोन बाप, एक घरचा नि एक स्वर्गातला, आणि दोघेही नाराज. त्या तरुणाच्या मनाची कल्पना करावी.

त्याला सांभाळले योहान फोन श्टाउपिट्झ या वडीलधाऱ्या संन्याशाने. हा मठांचा प्रमुख, स्वभावाने शांत. क्षुल्लक गोष्टींची पापे करून आणू नकोस, अशा अर्थाची चेष्टा तो ल्यूथरची करी. आणि न्यायाधीशाच्या तलवारीकडे पाहण्याऐवजी ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहा, असे सांगे. आणखी एक शहाणपण त्याने केले: या घाबरट संन्याशाला त्याने बायबल शिकवायला बसवले. १५१२ साली ल्यूथर विटेनबर्ग येथे पवित्र शास्त्राचा आचार्य झाला. स्वतःच्या मनाची नाडी पाहत बसलेल्या रोग्याला दुसऱ्याच्या उपयोगी पडायला लावावे, हा उपाय आजच्या डॉक्टरांनाही पटेल.

शिकवताना पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रातल्या एका शब्दापाशी तो अडला. 'देवाचे नीतिमत्त्व.' हा शब्द ऐकला की त्याला तराजू आणि तलवार आठवे. पापी माणसाला आधीच नियमशास्त्राचा बोजा. वर शुभवर्तमानातही न्यायाचीच धमकी असेल तर ते शुभ कसले? अशा देवावर प्रेम करणे दूरच, आपण त्याचा द्वेष करीत होतो, अशी कबुली ल्यूथरने मरणाच्या आदल्या वर्षी, १५४५ साली, आपल्या ग्रंथांच्या प्रस्तावनेत दिली आहे. धर्मगुरूने देवाचा द्वेष कबूल करावा, याला केवढे धैर्य लागले असेल! पण मला वाटते, सुटकेची वाट इथूनच सुरू झाली. ज्याला आपण भितो त्याच्यावर आपण प्रेम करतो असे जन्मभर म्हणत राहणे सोपे. ते खोटे आहे हे स्वतःशी मान्य करणे अवघड.

त्या वचनाशी रात्रंदिवस झगडता झगडता त्याला अर्थ दुसऱ्या बाजूने उमगला. नीतिमत्त्व म्हणजे देव ज्याने माणसाला मोजतो ते माप नव्हे. देव माणसाला देतो ते दान. माणसाने फक्त हात पुढे करायचा, यालाच विश्वास म्हणायचे. जणू स्वर्गाची दारे उघडून आपण आत गेलो असे त्याला वाटले.

हे उमगल्यावर बाहेरचा बाजार त्याला सहन होईना. शुद्धिस्थानातली शिक्षा कमी करणारी पापमुक्तिपत्रे तेव्हा पैशाने मिळत. योहान टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक ती गावोगाव विकत होता. पैसा जायचा रोमच्या संत पीटरच्या देवळाच्या बांधकामाला, असे सांगत. पण अर्धा वाटा मुख्य धर्माध्यक्ष आल्ब्रेख्त याचे फुग्गर सावकारांचे कर्ज फेडण्याकडे जाई. मेलेल्या आईबापांच्या यातनांची चित्रे रंगवून गरिबांच्या कनवटीचे नाणे सोडवायचे, हा तो धंदा. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने आपली पंचाण्णव विधाने आल्ब्रेख्तकडे धाडली. ती देवळाच्या दाराला खिळ्यांनी ठोकली की नाही, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. खिळे ठोकले असोत वा नसोत, भयाच्या व्यापारावर घाव बसला तो बसलाच.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल. पण दिवाळीचा फराळही नुसता गोड नसतो. भयातून सुटलेल्या ल्यूथरने इतरांना भय घातलेच. १५२५ साली शेतकऱ्यांनी बंड केले तेव्हा त्यांना ठेचून काढा असे त्याने सरदारांना लिहिले, आणि १५४३ साली यहुद्यांविरुद्ध इतके विषारी पुस्तक लिहिले की त्याचा कलंक त्याच्या नावावर कायम आहे. देव आपल्यावर रागावलेला नाही हे कळले म्हणजे आपला राग आपोआप जातो, असे नाही.

दुसरी अडचणही त्याच्यापुढे आली. भय काढले तर नीती राहील का? १५२८ च्या सुमारास खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांची पाहणी झाली, तेव्हा कृपेचा अर्थ मोकाटपणा असा घेतलेले लोक त्याने डोळ्यांनी पाहिले. १५२९ साली त्याने मुलांसाठी लहानशी प्रश्नोत्तरी लिहिली. तीत दहा आज्ञांपैकी प्रत्येकीचा खुलासा देवाचे भय आणि देवावरची प्रीती या दोन्ही शब्दांनी सुरू होतो. मग जन्मभर झगडून टाकलेले भय त्याने मागल्या दाराने परत आणले की काय?

तसे नाही. भयात आणि भयात फरक आहे, हे त्याच्या आधी हजार वर्षे संत ऑगस्टीनने सांगून ठेवले होते. त्याचा दाखला घरगुती आहे. दोन बायका नवऱ्याला भितात. एकीला धास्ती की तो आत्ता घरी येईल. दुसरीला धास्ती की तो घर सोडून जाईल. शब्द एकच, पण पहिली धास्ती गुलामाची, दुसरी जिव्हाळ्याची. योहानाच्या पत्रात प्रीतीपुढे भय टिकत नाही असे म्हटले आहे, ते या पहिल्या भयाविषयी.

ल्यूथरची खरी परीक्षा घरातच झाली. १५४२ च्या सप्टेंबरात त्याची तेरा वर्षांची मुलगी माग्डालेना अंथरुणाला खिळली. इथे या बापापाशी राहायला आवडेल, की तिथल्या बापाकडे जायला, असे त्याने तिला विचारले. देवाची इच्छा असेल तसे, असे ती म्हणाली. बापाच्या हातांतच तिचा प्राण गेला. तो ढसढसा रडला. पण वीज पडली तेव्हा ज्याने नवस बोलून स्वतःचा जीव सोडवू पाहिला होता, त्याने या वेळी कोणाशी सौदा केला नाही. देवाला त्याने 'तिथला बाप' म्हटले, न्यायाधीश म्हटले नाही.

भय मात्र चिवट. भिंत पाडली की दुसरीकडे उगवते. ल्यूथरच्याच वारशातल्या मंडळ्यांत ते परत आले. ८ जुलै १७४१ रोजी अमेरिकेत एनफील्ड गावी जोनाथन एडवर्ड्स याने प्रवचन केले. कोपलेल्या देवाने पापी माणसाला आगीवर धरलेल्या कोळ्यासारखे धरले आहे, असे ते वर्णन; ऐकणारे किंकाळ्या फोडू लागले. हाच एडवर्ड्स इतरत्र देवाच्या सौंदर्याविषयी मोठ्या गोडव्याने लिहितो, पण लोकांच्या लक्षात राहिला तो कोळी. न्यू इंग्लंडच्या त्याच परंपरेतल्या मंडळ्यांनी पुढे मिशनरी पाठवले. ते १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली नगरला आले. त्यांनी शाळा काढल्या, मुलींना शिकवले. माझ्या घराण्याला अक्षरओळख झाली ती त्यांच्यामुळे. त्या ऋणाबरोबर तो डोळाही आला.

रोमच्या छत्राखालीही तेच. फ्रान्समध्ये यान्सेनच्या अनुयायांनी देवाची अशी धास्ती घातली की, भाविक प्रभुभोजन घ्यायलाही धजेनात. त्यांच्या मतांवर रोमहून निषेध झाला, तरी धास्ती दीडदोनशे वर्षे हवेत राहिली. त्या हवेत वाढलेली तेरेझ नावाची मुलगी १८८८ साली, पंधराव्या वर्षी, लिझ्यो गावच्या मठात गेली. आपल्या हातून बारीकसारीक पाप घडले की काय, या शंकेने ती आधीच पोखरलेली. १८९१ साली मठात आलेल्या एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूने तिला सांगितले की, तुझ्या चुकांनी देवाला दुःख होत नाही. असेही असू शकते हे तिने पहिल्यांदाच ऐकले! पुढे तिने आपली 'लहान वाट' शोधली. श्रीमंतांच्या घरी जिन्याऐवजी लिफ्ट आलेली तिने पाहिली होती. पूर्णत्वाचा जिना चढायला मी फार लहान आहे, तेव्हा येशूचे हात हीच माझी लिफ्ट, असे ती लिहिते. १८९७ साली चोविसाव्या वर्षी ती क्षयाने वारली. शेवटच्या महिन्यांत श्रद्धेचा सारा उजेड मालवल्यासारखा झाला, तरी तिने हात सोडला नाही. १९९७ साली रोमने तिला धर्मसभेच्या आचार्यांत बसवले. भयाविरुद्ध ल्यूथरने बंड केले, तेरेझने बंड केले नाही. पण दोघे पोहोचली एकाच अंगणात.

आणि आपल्याकडे? रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १८९५ साली झाला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्या पुलावरून येताना त्यांनी एक मौल्यवान वस्तू बरोबर आणली: 'माउली' हा शब्द. ख्रिस्ताला न्यायाधीश म्हणणारी भाषा आमच्याकडे जहाजातून आली होती; त्याला आई म्हणणारी भाषा टिळकांच्या अभंगांतून आली, आणि ती आमच्या बायाबापड्यांना आधीपासूनच येत होती. लक्ष्मीबाईंचा प्रवास तर याहून लांबचा. सोवळ्याच्या वेडापायी मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या घरात त्या वाढल्या. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांना आकाश कोसळल्यासारखे वाटले. पाच वर्षे स्वतःच्या मनाशी झगडून १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला सर्वांत काय जाणवते, तर हसू. देवाची भीती गेल्यावरच माणसाला असे मोकळे हसता येते. आणि टिळकांनी शेवटी, १९१७ साली, मिशनची नोकरीही सोडली नि 'देवाचा दरबार' मांडला. दरबार म्हटला तरी तो भीतीचा नव्हता; बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती.

माझी आजी लिहायला-वाचायला बेताचीच शिकलेली. ल्यूथर तिला नावापुरता ठाऊक. टिळकांचे अभंग मात्र तिला तोंडपाठ होते, जात्यावर ती तेच म्हणे. त्या तापाच्या रात्री मी तिला दोन आण्यांचे सांगितले आणि म्हणालो, "आता देव मला मारणार. तो बघतोय."

आजीने वर पाहिले. उठली, खुंटीवरचा आजोबांचा जाडा कोट काढला आणि चित्राच्या चौकटीवर अडकवला. डोळा झाकला गेला. मग ती माझ्यापाशी बसली, कपाळावरची ओली घडी बदलत राहिली, आणि एवढेच म्हणाली, "बघतोय ना? मग माझ्यासारखाच बघत असेल. तुझा ताप उतरतोय का, ते."

सकाळी आजोबा कोट शोधत आले. त्यांनी चित्राकडे पाहिले, आजीकडे पाहिले, आणि त्या थंडीत कोटाशिवायच बाहेर गेले. पुढच्या रविवारी आजीने मला दोन आण्यांऐवजी चार आणे दिले. ते मी थैलीत टाकले. या खेपेला कोणी पाहते आहे म्हणून टाकले नाहीत. चित्र काही दिवसांनी माळ्यावर गेले. कोणी नेले, कोणी विचारले नाही.

हे सारे मी नातीला सांगितले. ल्यूथर आणि एडवर्ड्स वगळून, फक्त आजीचा भाग. ती बराच वेळ डोळ्याकडे पाहत होती.

"मग रागावलेला नाही," ती म्हणाली. "जागा आहे."

चित्र मी फेकले नाही. इतिहासाचा शिक्षक कागद फेकत नाही. पण ते माळ्यावरही ठेवले नाही. पुसून, कापडात बांधून कपाटात ठेवले आहे, आणि वर एक चिठ्ठी लावली आहे, पुढच्या कोणा मुलाने काढले तर त्याच्यासाठी. चिठ्ठीवर दुसरे काही नाही; आजीचे ते एक वाक्य तेवढे लिहिले आहे.

खाली अंगणात तोवर शेजारच्या मुलांनी आकाशकंदील चढवायला घेतला होता. नात दोरी धरायला धावली. शेजारच्या वहिनींनी फराळाचे ताट पाठवले होते. ताटली, अर्थात, आमचीच होती.